डाव्या डोळ्यातली बाई

टेरेन्स डिमेलोला जोडफोटोंचा नाद लागला तो फ्लोरी गेल्यानंतर. बायकोच्या माघारी गिरगावातलं घर त्याला खायला उठायचं. चोरबाजारात फिरताना एकदा त्याला लाकडी स्टिरिओस्कोप मिळाला. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन जवळजवळ सारखेच फोटो त्यात लावायचे आणि भिंगांतून बघायचं, डाव्या डोळ्याने डावा, उजव्याने उजवा. दोन्हींचा एक व्हायचा आणि आतली झाडं, जिने, माणसं हात लावता येईल अशी उठून उभी राहायची. मग पुठ्ठे जमवणं आलं, आणि असेच पुठ्ठे जमवणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुपही आला.

गेल्या वर्षी त्याने एक फार जुना पुठ्ठा आणला. कुठल्याशा वाडीतलं घर, लाकडी ओटा, आणि खांबाला टेकून उभी लुगड्यातली बाई. बाकी सगळं घट्ट होतं, बाई तेवढी नव्हती. तिच्या पदरातून मागची भिंत दिसायची. आत्ता असायची, आत्ता नसायची.

त्याने ग्रुपवर विचारलं. वरळीच्या संघमित्रा गमरेने लगेच लिहिलं, "अंकल, ती फक्त डाव्या फोटोत आहे. तेव्हा कधी कधी एकाच कॅमेऱ्याने काढायचे. एक काढला, कॅमेरा जरा सरकवला, दुसरा काढला. मधल्या वेळात ती निघून गेली असणार."

उत्तर सरळ होतं, पण ते टेरेन्सच्या मनातून जाईना. फ्लोरीही अशीच गेली होती. हॉस्पिटलात तो चहा प्यायला खाली उतरला आणि परत आला, तर पलंगाभोवती पडदा ओढलेला. मधल्या वेळात काय झालं ते त्याने बघितलंच नव्हतं.

रोज दुपारी तो बाईचा पुठ्ठा लावून बसू लागला. दिवाळीच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की बाई विरत चालली आहे. आधी चेहरा पुसट झाला, मग खांबावरचा हात. पुठ्ठा नुसता हातात धरून बघितला तर ती होती तशीच होती. भिंगातून मात्र रिकामा ओटा. एकदा तो मोठ्याने म्हणाला, "थांब ना जरा," आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. त्याने स्टिरिओस्कोप कपाटात टाकला. मग कपाटाकडे पाठ करून बसणं त्याला जमेना.

शेवटी त्याने संघमित्राला बोलावलं. वरळीच्या बीडीडी चाळींतली स्वतःची चाळ पाडायच्या आधी तिने तिथल्या रिकाम्या खोल्यांचे जोडफोटो काढले होते. ती तरी हसणार नाही, असं त्याला वाटलं. ती खिडकीशी उभी राहून बराच वेळ भिंगांतून बघत राहिली.

"आहे की, अंकल. कानातलं पण दिसतंय."

"मला नाही दिसत गं."

तिने स्टिरिओस्कोप खाली ठेवला. "उजवा डोळा झाका. माझ्याकडे बघा बरं."

त्याने तळहात डोळ्यावर धरला. समोर मळकं धुकं होतं. त्या धुक्यातून तिचा आवाज येत होता.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डाव्याची गेलेली नजर परत यायची नाही. थेंब नेमाने घातले तर उजवा वाचेल. टेरेन्सला आधी हायसंच वाटलं. बाई कुठे चालली नव्हती, त्याचाच डोळा चालला होता. मग घरी येताना तो जिन्यावर मध्येच बसला.

पुढच्या रविवारी संघमित्रा नवा पुठ्ठा घेऊन आली. तिने फोटोंची कॉपी काढून बाजू बदलल्या होत्या. बाई आता उजव्या फोटोत आली होती.

"आता दिसेल तुम्हाला."

दिसली. एकाच डोळ्याला दिसत असल्यामुळे वाडीचा उठाव गेला होता, सगळं सपाट झालं होतं. पण बाई भिंत अडवून उभी होती आणि सरळ त्याच्याकडे बघत होती. टेरेन्स वाट बघत राहिला. आता विरेल, मग विरेल. ती विरेना. शेवटी त्यानेच डोळे भिंगांवरून काढले.

"कशी आहे?" संघमित्राने विचारलं.

"उभी आहे," तो म्हणाला.

"ठेवू इथे?"

"ठेव. पण जुना नेऊ नकोस."

आता दुपारी थेंब घालून झाले की तो आधी नवा पुठ्ठा लावतो. तिला बघितलं न बघितलं करून काढतो आणि जुना लावतो; त्यातली बाई तरी त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. रिकाम्या ओट्याकडे मात्र तो ऊन कलेपर्यंत बघत बसतो.