आरशासारखी फरशी

रंगमंचावर मी तलवारीने मेलो, विषाने मेलो, विरहाने तर विचारूच नका. पण घसरून कधी मेलो नाही, आणि ते श्रेय सुईताईंचं. त्या आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायच्या. बुटाच्या तळाला खरखरीत कापड शिवल्याशिवाय कुणाला विंगेतून पुढे सोडत नसत. "राजेसाहेब, आधी पाय दाखवा, मग राज्य करा!"

अशा खमक्या बाई विमानाला मात्र घाबरायच्या. दूरदेशी राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, तू ये ना गं," म्हणून ती फोनवर रडायची. ताईंचाही जीव तिच्यापाशीच, पण उत्तर ठरलेलं. "बाळाला आजीचा फोटो दाखव. निदान जिवंतपणीचा आहे."

एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो, तेव्हा जावयानेच फोन केला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, विमान पडून मरण्याची शक्यता अगदी नगण्य. गाडीचा प्रवास त्याहून धोक्याचा. आणि घरातल्या घरात पडून तर कितीतरी जास्त माणसं जातात. जिन्यावर, बाथरूममध्ये..."

"बाथरूममध्ये?" ताईंचा कप हवेतच थांबला. "जावईबापू, तुमचं बाथरूम कसं आहे?"

"एकदम नवं कोरं!" तो खुलला. "फरशी बघाल तर आरशासारखी."

"अगं बाई! पोटुशी पोर आरशावर चालतेय, आणि तुम्ही मला विमानाच्या गोष्टी सांगताय? काढा तिकीट. उद्याचं मिळतंय का बघा!"

मी हसून हसून बेजार. ताईंची भीती गेली नव्हती. तिने नुसतं बिऱ्हाड बदललं होतं.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. "विमानात भीती वाटली का हो?" मी विचारलं.

"सवड कुठे होती? मनात मापं काढत होते."

मागून लेकीचा आवाज आला, "काका, हिने अजून पाणीसुद्धा प्यायलं नाही. आमच्या सगळ्यांच्या सपाता उलट्या करून बसलीय!" पोरगी तक्रार करत होती, पण हसू लपत नव्हतं.

परवा नातीचा फोटो आला. आजीच्या मांडीवर गाढ झोपलीय. अजून मान धरत नाही, पायात बोटभर मोजे. मी चष्मा चढवून नीट पाहिलं. मोज्यांच्या तळाला खरखरीत कापड!