सात तासांची विजार

मावशी लाँड्रीत इस्त्री करायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे आणि तिच्या काटेकोरपणावरून तिला ‘हेडमास्तरीणबाई’ म्हणून चिडवायचे.

एका सकाळी फोर्कलिफ्ट उलटली आणि काका कमरेपासून खाली तिच्याखाली सापडले. रक्त आतल्या आत वाहत होतं. अँब्युलन्सवाल्याने त्यांना पोटापासून घोट्यापर्यंत रबरी विजार चढवली. तिच्यात पंपाने हवा भरली की पाय-पोट करकचून आवळलं जातं आणि रक्तदाब तग धरतो. इस्पितळात उतरवताना तो मावशीला म्हणाला, “ताई, हिची हवा कुणाला एकदम सोडू देऊ नका. जागच्या जागी जीव जाईल.”

ते खरंच होतं. पण ही विजार फार वेळ ठेवायचीही नसते, हे सांगायला तो थांबलाच नाही. त्याला दुसरीकडून बोलावणं आलं होतं.

ऑपरेशनची खोली एकच, आणि आत आधीच कुणीतरी. मावशी काकांच्या उशाशी स्टूल ओढून बसली.

तिसऱ्या तासाला काका कण्हू लागले. “अगं, कंबर राहू दे, पोटऱ्या फुटतायत. जरा सैल कर.”

“अहो, थोडं सोसा. जिवाशी खेळ नको.”

“बोटं कळेनाशी झालीत गं.”

“मी आहे ना इथे.”

एक नर्स हवेची कळ चाचपायला आली, तर मावशीने तिचं मनगटच धरलं. “आधी डॉक्टरांना आणा.” नर्स गेली ती गेलीच.

दुपारी सर्जन आले. “कधीपासून आहे ही?”

“साडेनऊपासून. कुणाला हात लावू दिला नाही मी.”

साडेचार वाजले होते. सर्जननी लगेच स्ट्रेचर आत घेतलं.

रक्त चढवत, थोडी थोडी हवा सोडत त्यांनी काकांना वाचवलं. पण आवळलेल्या पायांतलं मांस मेलं होतं. चार दिवसांनी दोन्ही पाय मांडीपासून कापले. “चूक आमची, तुमची नाही,” सर्जन मावशीला म्हणाले. काकांनीही कधी तिला बोल लावला नाही. मेलेल्या मांसाचं विष मूत्रपिंडांना बाधलं होतं; वर्षभरात ती निकामी झाली आणि ते गेले.

मावशी आता आमच्याकडे असते. परवा भाजी निवडता निवडता आईला म्हणाली, “पहिल्यांदा म्हणाले तेव्हाच सैल केली असती तर?”

“तेव्हाच गेले असते गं.”

“मग कधी करायची होती?”

आईने भाजीची पुढची जुडी सोडली. मावशीने पुन्हा विचारलं.