पायलला कोणी सांगितलंच नाही

राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात सत्यशीला शाळेची खिचडी शिजवते. दिवसभर पोरांचा गलका तिच्या कानाशी. तिच्या स्वतःच्या पोरीला, पायलला, मात्र जन्मापासून ऐकू येत नाही.

पायल तीन वर्षांची असताना शिबिरात कानाची मशीन देणाऱ्या माणसाने बजावलं होतं, "हातवारे करू नका. नाही तर पोरगी बोलायचीच नाही." सत्यशीलाने ते इमानाने पाळलं. मशीन चार महिन्यांत बंद पडली आणि पोरगी काही बोलली नाही. घरात उरल्या त्या नाइलाजाच्या चार खुणा: जेव, झोप, इकडे ये, तिकडे जाऊ नको.

सातव्या वर्षी पायलला यवतमाळच्या निवासी शाळेत घातलं. तिथे ती खुणांची भाषा शिकली. सुट्टीत घरी आली की तिचे हात भराभर चालायचे आणि घरच्यांना हसू यायचं. जेवताना सगळे कशावर तरी हसले की ती आईचा पदर ओढायची. काय झालं? सत्यशीला हात हलवायची, नंतर सांगते. आणि भांडी घासायला उठायची.

पायल नऊ वर्षांची झाली, त्या सप्टेंबरात सत्यशीलाचे सासरे उकंडा, पायलचे आबाजी, वारले. पायलला यवतमाळहून आणायचं का, असा विषय निघाला.

"तिले कायले आणता इथं? तिले काय समजते?" नवरा धम्मरत्न म्हणाला. सत्यशीलाने शाळेत फोन केला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पायल आली, तर आबाजींची खाट उभी करून ठेवलेली. तिने विचारलं. आजीने तोंड फिरवलं. बापाने रस्त्याकडे बोट दाखवलं. सत्यशीलानेही तेच केलं, गेले तिकडे, गावाला. पोरीने पुन्हा विचारलं नाही. सत्यशीलाला वाटलं, सुटले.

शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांनी दिपालीबाईंचा, पायलच्या वर्गशिक्षिकेचा, फोन आला. "पायल म्हणते, आबाजी तिच्यावर रागावून घर सोडून गेले. तिच्या हातून त्यांचा चष्मा फुटला होता म्हणे. वर्गात आता खुणा करायला हातच उचलत नाही ती. म्हणते, मी वाईट आहे, म्हणून घरी मला कोणी काही सांगत नाही."

सत्यशीला म्हणाली, "बाई, तुमीच सांगा ना तिले."

"मी सांगीन. पण तिला ते तुमच्याकडून हवंय."

बाईंनी खुणांचे व्हिडिओ पाठवले. खिचडी ढवळता ढवळता सत्यशीला एका हाताने खुणा गिरवायची. धम्मरत्न वैतागला, "शाळेत शिकवतात ना? घरी कायले हे नाटकं करून राह्यली?"

"नाटकं? जेव अन् झोप, याच्याबिगर तुमी पोरीले आजवर काय सांगतलं? अन् म्या तरी काय सांगतलं?"

तो चप्पल घालून बाहेर निघून गेला.

रविवारी ती एसटीने यवतमाळला गेली. शाळेच्या आवारात पायलला समोर बसवलं. आबाजी. आजार. मेले. राग नाही. तुझी चूक नाही. एवढं सांगताना तिची बोटं तीनदा अडखळली.

पायल टक लावून बघत राहिली. मग तिने आईच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, आणि एक खूण केली. सत्यशीलाला ती कळली नाही. पायलने पुन्हा केली. पुन्हा. पाय आपटला. शेवटी सत्यशीलाने दिपालीबाईंना हाक मारली.

बाई म्हणाल्या, "ती विचारतेय, सगळ्यांना माहीत होतं?"

सत्यशीलाने मान हलवली. हो.

पायल उठून वसतिगृहात गेली. आईने आणलेला डबा तिने नेलाच नाही.

आता दर रविवारी सत्यशीला व्हिडिओ कॉल लावते. पायल कधी येते, कधी येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा जेवताना सत्यशीला घास बाजूला ठेवून सगळ्यांचं बोलणं तिला हातांनी सांगायची. भाजी थंड व्हायची. सासू कुरकुरायची, "खाऊ तरी दे वो तिले." निम्म्या खुणा चुकायच्या. पायल आईची बोटं धरून सरळ करायची, तीही काही प्रेमाने नाही.

धम्मरत्न अजून जुजबीच शिकलाय. एकदा तो पायलकडे न बघताच सत्यशीलाला काही सांगत होता. पायलने उठून त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"काय हे?" त्याने मान झटकली.

तिने हनुवटी पुन्हा धरली.