लोकलसाठी पुढं केलेलं घड्याळ

परवा भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला आणि सोमाटण्याच्या चिक्की कारखान्यातली एक सकाळ आठवली; तिथले कॉम्प्युटर माझ्याकडे होते. गरम गुळाचा वास सुटलेला, बिलांसाठी दारात ट्रक खोळंबलेले आणि कॉम्प्युटरवर कुणाचंच लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर होते. पण लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरची वेळ पुढं गेलेली, बाकी कॉम्प्युटरांशी जुळेना, म्हणून तो कुणाला ओळखेना. "लाइट गेलती, वेळ पुसली. म्या भिंतीवरचं घड्याळ बघून लावली," स्टोअरचे भाऊ म्हणाले. "ते पुढं कशाला?" मी विचारलं. "लोकल चुकू नये म्हून!" मी वेळ जुळवली आणि ट्रक हलले. खूश होऊन कारखान्याच्या साहेबांनी भिंतीवरचं घड्याळही बरोबर करायला लावलं. संध्याकाळी साहेबांसकट सगळ्यांची लोकल चुकली. तळेगावच्या फलाटावर चिक्की खात आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. परवा मीही काटा जरा पुढंच सरकवला.