जपमाळेवरच्या फुंकरी

बसवनगुडीतल्या आमच्या घरी खिडकीखालच्या स्टुलावर दोन काचेच्या बाटल्या होत्या, रबरी नळीने जोडलेल्या. एकीत वेगळ्या नळीने फुंकलं की तिच्यातलं पाणी दुसरीत चढायचं. माझ्या धाकट्या भावाचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत चालले होते. पाय आधीच गेले होते. आता काळजी श्वासाची होती. छातीतले स्नायू टिकावेत म्हणून डॉक्टरांनी रोज दहा फुंकरी सांगितल्या, मधे विश्रांती घेत. डॉक्टर मद्रासकडचे, कन्नड त्यांना बेताचंच. ते इंग्रजीत बोलत आणि मी आईला मराठीत सांगे. माझ्या कॉन्व्हेंट शाळेचा घराला झालेला उपयोग तेवढाच.

चढणारं पाणी दिसावं म्हणून आईने त्यात चिमूटभर कुंकू टाकलं. मोजायला जपमाळ घेतली. दहा मण्यांनंतर मात्र तिला थांबवेना.

"डॉक्टर दहाच म्हणाले होते," मी म्हटलं.

"माळ कुणी मधेच टाकतं का? तुमच्या सिस्टरांनी शिकवलं नाही वाटतं. पुट्टा, बाळा, स्वल्प राहिलंय, फुंक."

हे स्वल्प म्हणजे जवळजवळ अख्खी माळ. तो फुंकत राही. मान मागे कलंडे, ओठ निळसर पडत. "अक्का, देव मोजतोय का झोपलाय, बघ जरा," तो दम खात म्हणे. मी पुस्तकाआडून पाण्याची रेघ बघत असे. ती हळूहळू खाली राहू लागली होती. ते आईलाही दिसलं. तिने संध्याकाळची दुसरी माळ सुरू केली.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा करता? आईने अभिमानाने सांगितलं. तो आकडा मी इंग्रजीत सांगितला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. असा थकवलेला स्नायू बळकट होत नाही, उरलंसुरलं बळही जातं. हे मला आईसाठी मराठीत करावं लागलं. परतताना घोड्याच्या जटक्यात ती भावाची चादर उगाच सारखी करत राहिली.

त्यानंतर बाटल्यांना कुणी हात लावला नाही. आई दिवसभर त्याच्या खाटेशी नुसती बसून असे. शेवटी त्यानेच बाटल्या मागितल्या. ती नको म्हणाली. मग तो माझ्याकडून शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत माझ्याशी बोलला, तिला कळू नये म्हणून: तिला काहीतरी करू दे, अक्का.

आई आता बोटांच्या पेरांवर मोजे आणि दहाला थांबे. पाणी जेमतेम बोटभर चढे.

पावसाळ्यानंतर मी डॉक्टरांना विचारलं, दहाच ना अजून? "जमेल तेवढं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"दहाच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या फुंकरीला पाणी हललंच नाही. त्याने नळी तोंडातून सोडली आणि डोळे मिटून घेतले. आई पुढच्या पेरावर अंगठा ठेवून थांबली होती.