चिठ्ठीवर लिहिलेला खोटा दोष

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. एका माणसानं स्वतःच्या हातानं बनवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये काय बिघडलंय ते मला पाच मिनिटांत कळलं होतं, आणि मी चिठ्ठीवर दुसरंच लिहिलं. चुकून नाही. कळून-सवरून.

परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या उस्तादांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशी साल उलटून गेलेलं, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन चालू. आम्ही दोघं तिथं कामाला. मी पोखर्णीकडच्या एका गावचा. घरी जमीन, रेडिओचा कोर्स केलेला, सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीला लावलेलं. तो जिंतूरकडचा, बौद्ध घरातला. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरं जळाली, तेव्हा आईला घेऊन शहरात आला तो इथलाच झाला. मला तो 'पाटील' म्हणायचा, आधी मानानं आणि पुढं थट्टेनं. दोन्ही वेळा मला ते आवडायचं, हेही आज लिहून टाकतो.

त्याला कान होता. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं, रेडिओ लावला, की हा कोपऱ्यातून न उठता सांगायचा, "उस्ताद, शेवटचा व्हॉल्व्ह बसलाय बघा." मी मीटर लावून अर्धा तास मोजामोजी करायचो आणि तिथंच पोचायचो. उस्ताद आपल्या दखनीत म्हणायचे, "इसके कान सुनने के वास्ते हैं मियाँ. तेरेकू तो अल्लाने चष्मा अडकाने के वास्ते दिए." दुकान हसायचं. मीही हसायचो, आणि पुढचा रेडिओ त्याच्यापासून लांब ओढून घ्यायचो.

तो एका गायन पार्टीत गिटार वाजवायचा. वस्त्यावस्त्यांतून नामांतराची गाणी म्हणणारी पार्टी. गिटार नांदेडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली, पण तिला ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून यानं तो बनवायला घेतला. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या भंगारातून जाड पत्रा आणला, त्याची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, केली. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दुकानातल्या मेलेल्या रेडिओंचे. बेस आणि ट्रेबलची, म्हणजे जाड आणि बारीक आवाजाची, दोन वेगळी बटणं. ज्या दिवशी तो पहिल्यांदा वाजला त्या दिवशी शेजारचा टेलर मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. आवाज असा की तार जणू आपल्या छातीत बांधलीय. उस्तादांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "जिंतूरला तुमची नामांतराची सभा आहे ना, तिथं हा वाजू दे. चांगला वाजला तर आपण असे डबे बनवायचे, ऑर्केस्ट्रावाल्यांना, भजनवाल्यांना. आणि त्या कामाचं टेबल तुझं." माझ्याकडं वळून म्हणाले, "तू इसको मदद कर."

मी घरी गेल्यावर बोलता बोलता हे सांगून बसलो. चुलते अंगणात सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हंजी तू त्याच्या हाताखाली बसणार?" एवढंच. मी नामांतराच्या बाजूचा होतो, दुकानात तसं बोलायचोही. पण ते वाक्य माझ्या अंगातून गेलं नाही. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला कसंबसं चाललं असतं. त्याच्यासारख्यानं माझ्या पुढं जावं, हे चालत नव्हतं. हे मला तेव्हा इतक्या सरळ शब्दांत माहीत नव्हतं. आज आहे.

सभेला दहा-बारा दिवस असताना ॲम्प्लिफायरमध्ये खरखर आली. वाजताना आवाज स्वच्छ, पण बेसचं बटण फिरवलं की खर्र, ट्रेबलचं फिरवलं की खट्-खट्.

आता दुकानात उस्तादांचा एक दस्तूर होता. ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, दोष आणि उपाय एका चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी दोऱ्यानं चेसीला बांधायची. एकदा चिठ्ठी बांधली की त्यात तिसरा बोट घालत नसे, खुद्द उस्तादही नाहीत. त्यामुळं आमच्याकडं भांडणं होत नसत. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं तर काय, हा प्रश्न कधी निघालाच नव्हता.

तो जेवायला गेला होता. मी ॲम्प्लिफायरचा डबा उलटा केला, चालू केला आणि बेसच्या कंट्रोलवर, म्हणजे बटणामागच्या भागावर, मीटर लावला. तिथं डीसी शून्य हवा. काटा उठला आणि वीस-बावीस व्होल्टवर जाऊन थांबला. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला व्हॉल्व्ह आणि ही बटणं यांच्यामध्ये एक कंडेन्सर असतो. त्यानं गाण्याचा आवाज पुढं सोडायचा आणि व्हॉल्व्हची वीज अडवून धरायची. यानं जुन्या रेडिओतला मेणकागदी कंडेन्सर टाकला होता, तो आता गळत होता. वीज बटणापर्यंत झिरपत होती, म्हणून बटण फिरवलं की खरखर. मी कंडेन्सरचं एक टोक सोडवलं. काटा शून्यावर आला. पुन्हा जोडलं. पुन्हा वीस. संशयाला जागाच नव्हती. नवा कंडेन्सर माझ्याच खणात पडलेला होता.

मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'दोन्ही कंट्रोल खराब. बदलणे.' दोरा बांधला. दोन दिवस फिरू दे याला, मग सांगू, असं मनाशी म्हणालो.

तो आला, चिठ्ठी वाचली. "आस्सं! मला वाटलं कुठं तरी तारंच्या जोडाचा डाख कच्चा राह्यला. बरं झालं पाटील तुमी मीटर लावला, मी नुस्ता कानावर चालतो." संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेला, नवे कंट्रोल आणले, बसवले. खरखर तशीच.

"पेट्रोलनं धुऊन बघ," मी म्हणालो. धुतले. एक दिवस बरं वाटलं, मग तेच.

"हलक्या कंपनीचे दिले असतील तुला."

तो पुन्हा नांदेडला गेला. तिसऱ्यांदा बसवताना त्यानं सगळे डाख उकलून नव्यानं दिले. मी शेजारी बसून बघत होतो. एकच डाख त्याला दोनदा द्यावा लागला, असं पहिल्यांदाच पाहिलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, बरं वाटलं. उस्तादांनी लांबूनच विचारलं, "चिठ्ठी पे लिखा वो बदला?" तो म्हणाला, "बदललं की उस्ताद, तीनदा बदललं." उस्तादांनी मान हलवली आणि चहा प्यायला लागले. चिठ्ठीवर त्यांनी शंका घेतली नाही. ती मी लिहिलेली होती.

जिंतूरला मी त्याच्याबरोबर एसटीनं गेलो. डबा मांडीवर घेऊन तो बसला होता. वाटेत म्हणाला, "बटणं एकदा लावून ठिवतो, फिरवायचीच न्हाईत. मग कोण काय करायलाय?" मी म्हणालो, "हे लय ब्येस." तेव्हाही सांगता आलं असतं. जुना कंडेन्सर कापून दुसरा जोडायचा, गावातल्या कुठल्याही रेडिओवाल्याच्या टेबलावर पाच मिनिटांचं काम होतं.

सभा भर दुपारी, मांडवाखाली. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला पार्टीचे म्होरके, वयानं मोठे शाहीर, गाता गाता त्याला खुणावायला लागले, गिटार लय जाड येतेय, माझा आवाज बुडायलाय. तो हलला नाही. शाहीरांनी पुन्हा हात केला, तेव्हा त्याचा इलाज चालेना. त्यानं बेसचं बटण फिरवलं. मांडवभर असं खर्रर्र झालं की पुढं बसलेली लेकरं कान धरून उठली. त्यानं घाबरून ते उलटं फिरवलं, तर त्याहून मोठं. मागून कुणीतरी ओरडलं, "ए गिटारवाल्या, लाह्या फोडायलाय का रं ज्वारीच्या?" सगळा मांडव हसला. शाहीर गाणं थांबवून म्हणाले, "लेकरा, बंद कर ते. आपल्या डफावर भागतंय." त्यानं खाली वाकून पिन काढली. मग गिटार मांडीवर आडवी ठेवून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत बसून राहिला, इतरांबरोबर, तालात.

आठवड्याभरात त्यानं दुकान सोडलं. उस्तादांनी थांब म्हणून दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "हात न्हाई उस्ताद माझ्यात. कान हाय, पन हात न्हाई." वसमतला विजेच्या मोटारींची तार गुंडाळायच्या दुकानात लागला. डबा इथंच ठेवून गेला.

एका दुपारी मी माझ्या खणातला कंडेन्सर काढला आणि त्यात बसवला. बटणं फिरवली. कसला म्हणून आवाज नाही. मागं उस्ताद उभे होते. "तूने किया?" मी हो म्हणालो. तो 'हो' खोटा होता असंही म्हणता येत नाही, हेच त्यातलं वाईट. "क्या था?" "कंट्रोलच होते उस्ताद. चांगले मिळाले या वेळी." त्या डब्याच्या जोडणीचा नकाशा उतरवून आम्ही पुढं तसे कितीतरी डबे केले. ते टेबल माझं झालं. लोक त्या डब्यांचं कौतुक करायचे तेव्हा मी चष्मा पुसत बसायचो.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. परभणीत गुलाल उधळला, पेढे वाटले. त्या गर्दीतून तो आला आणि मला मिठीच मारली. कानशिलावरचे केस पिकलेले. माझ्याच तोंडात पेढा कोंबला. "गिटार?" मी विचारलं.

"कवाच इकली. चिठ्ठीवर तुमी बराबर लिव्हलं व्हतं पाटील, माझ्याच हाताला जमलं न्हाई. जो तो आपल्या जागी बरा." हसत म्हणाला. मी पेढा गिळला आणि दुसरा त्याच्या हातावर ठेवला. मधे इतकी माणसं नाचत होती, हे खरं न सांगण्याचं कारण मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला दिलं.

वसमत इथून काही लांब नाही. त्याचं दुकान मला माहीत आहे. समोरून दोनदा गेलोय, उतरलो नाही.

त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या पोरांच्या देखत, मला सांगायचंय की त्याचा हात चांगला होता, चिठ्ठी मी जळून खोटी लिहिली, आणि ज्या कामावर मी आयुष्यभर बसलो ते त्याचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.