निखळलेला अंगठा

मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले तेव्हा मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा, एवढंच माझं काम. विभागीय स्पर्धा तोंडावर असताना सरावात एकीनं पाय हिसडला आणि माझा उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला उलटला. दुखलं, पण डाव पुरा केला.

भवानी पेठेत आमचं घर. वडील गिरणीत, अम्मा घरी विड्या वळायची, मी तिच्या हाताखाली. दुसऱ्या दिवशी पान चिमटीत राहीना. अम्मानं हळदीचा लेप दिला. सूज वाढतच गेली, तेव्हा दोघं मला हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

एक्स-रेत हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी आधी माझा चांगला अंगठा बाजूला वाकवून पाहिला. तो एका जागी अडला. मग सुई टोचून दुखरा बधिर केला आणि तोही तसाच वाकवला. तो अडलाच नाही. चिमटीत कागद धरायला सांगून त्यांनी ओढला, तर अलगद निघून आला.

"सांधा धरून ठेवणारा आतल्या बाजूचा बंध पुरता तुटलाय," ते म्हणाले. "नुसता ताणला असता तर प्लास्टरवर भागलं असतं. आता टाके घालावे लागतील."

"खेळापायी पोरीचा हात कापायचा?" वडील म्हणाले.

"खेळाचं सोडा. असंच ठेवलं तर हिला कुलपात किल्ली फिरवणं जड जाईल."

अम्मानं विचारलं, "आन् विडी?"

"तीही."

"मग करा की," अम्मा म्हणाली.

मला रागच आला. स्पर्धेचं कुणी नावही काढलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. तुटलेलं टोक दुमडून भलतीकडे बसलं होतं, आपोआप जुळलं नसतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. माझ्याशिवाय आमचा संघ जिंकला. मी प्लास्टरमधला हात घेऊन कडेला बसले होते; टाळी वाजवता येत नव्हती.

प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा लाकडासारखा ताठ होता. कोमट पाण्यात बुडवून रोज थोडा थोडा हलवायचा, कापडाचा बोळा दाबायचा. पुढच्या हंगामात खेळ शिकवणाऱ्या बाईंनी मला कोपऱ्यावरून काढून मध्ये उभं केलं. तिथं घोट्यापेक्षा कंबर धरावी लागते. माळशिरसची एक दांडगी मुलगी चढाईला आली, तिच्या कंबरेला मी दोन्ही हातांनी कवळ घातली. ती सुटली नाही.